म्हाळाऊ वैदिणीनें गांजाची परीक्षा केली त्याची बखर

श्रीकृपेंकरून वाचणारांचें व ऐकणारांचें आरोग्य अखंड असो. शके सोळाशें पंचाहत्तर, श्रीमुखनाम संवत्सरीं, दर्याकांठच्या एका राज्यीं जें वर्तमान घडलें तें साद्यंत लिहून ठेवावें ऐसी थोरांची आज्ञा जाहली, म्हणोन सेवकानें जें डोळां पाहिलें आणि खात्रीच्या माणसांपासून ऐकिलें तेंच लिहिलें, पदरचें अक्षर घातलें नाहीं. राज्य लहान, परंतु जलदुर्ग मोठा बुलंद, आणि दुर्गावर चाळीसांवर तोफा, आणि तोफांवर जे गोलंदाज ते सारे मर्दाने. दुर्गाचा दरारा ऐसा कीं गनिमाचीं गलबतें खाडीचें तोंड दुरून पाहून परत फिरत. मग त्या वर्षीं आश्विन शुद्ध दशमीस महाराज सिंहासनीं विराजमान जाहले, आणि नित्याप्रमाणें सलामीच्या तोफा सुरू जाहल्या, आणि सातवी तोफ उडवितांना ती जागच्या जागीं फुटली. धूर निवळला तों चार माणसें ठार पडलीं होतीं, आणि बत्ती देणारा गोलंदाज सटवोजी घाग हा उजवा हात भाजून भिंतीशीं बसला होता. मेलेल्यांत खंडू म्हणोन बावीस वर्षांचा जवान होता, तो तोफ भरणारा, दुर्गावरील म्हाळाऊ वैदिणीचा एकुलता एक लेक.

ही म्हाळाऊ कोण म्हणाल, तरी नवरा वैद्य होता तो वारल्यावर तिनेंच त्याची विद्या चालविली. दुर्गावर कोणास गोळी लागो, हाड मोडो, ताप येवो, म्हाळाऊचे ओसरीवर न्यावें आणि तिनें बरें करावें, ऐसी वीस वर्षांची वहिवाट. त्या दिवशींही तिनें आधीं सटवोजीच्या हातास मलम लाविलें आणि मग लेकाचे प्रेताकडे गेली. पाहणारांचीं अंतःकरणें फाटलीं.

मग वीस-पंचवीस दिवस चौकशी जाहली, आणि सटवोजीनें त्या सकाळीं गांजाची चिलीम ओढली होती ऐसें निघालें, आणि सटवोजी म्हणाला, "चूक माझी. मला काय ती शिक्षा द्यावी." दुसरें कांहीं बोलेना. मग दरबार भरला आणि दोन तट पडले. राजगुरू धोंडभट हे मोठे विद्वान आणि बोलण्यास तीक्ष्ण, ते उभे राहून म्हणाले, "महाराज, गांजा हें विष आहे. तें माणसास पिसाट करितें, रक्त नासवितें, कुळ बुडवितें. या सटवोजीचा कडेलोट करावा आणि जो जो चिलीम ओढील त्याचा अंगठा तोडावा." तेव्हां तोफखान्याचे दारोगा दर्याजीराव कुडाळे, साठ लढाया पाहिलेला म्हातारा, मिशा थरथरत पुढें आले आणि म्हणाले, "गुरुमहाराज, आपण तोफ लांबून ऐकिली आहे, आम्ही तिच्या तोंडाशीं उभे राहिलों आहों. चिलीम ओढली म्हणजे भय जातें, हात स्थिर होतो, नेम बसतो. माझा बाप ओढीत होता, मी ओढितों. अंगठे तोडाल तर उद्यां बत्ती कोण देईल?" मग राजगुरूंनीं पोथ्यांतले श्लोक म्हटले आणि दारोग्यांनीं लढायांचीं नांवें म्हटलीं, आणि दोन प्रहर लोटले, आणि महाराज कंटाळून म्हणाले, "तुम्ही दोघेही खात्रीनें बोलतां. परंतु तुम्हांपैकीं कोणी मोजून पाहिलें आहे काय?"

तेव्हां मागें स्त्रियांत म्हाळाऊ पांढरें लुगडें नेसून बसली होती, ती उठली आणि म्हणाली, "महाराज, मेला तो माझ्या पोटचा. सटवोजीस मारून तो परत येत नाहीं. मला खरें काय तें हवें. मज तीन महिने द्यावे, मी मोजून दाखवितें." राजगुरू रागावले, म्हणाले, "बाईनें दरबारीं बोलावें, हा कोठला रिवाज?" आणि दर्याजीरावही कुरकुरले कीं, "आऊचा लेक गेला आहे, ती गांजास बरें कैसें म्हणेल? निकाल आजच ठरला समजा." म्हाळाऊ म्हणाली, "दारोगासाहेब, म्हणूनच परीक्षा ऐसी करीन कीं माझें मन तींत शिरूं नये. आणि जें निघेल तें, कोणाच्याही विरुद्ध निघो, याच जागीं उभी राहून सांगेन." महाराज प्रसन्न जाहले आणि तीन महिन्यांची मुदत दिली, आणि तोंवर सटवोजीस बुरुजांतल्या कोठडींत ठेवावें ऐसा हुकूम केला.

मग म्हाळाऊनें जी तजवीज केली ती ऐसी. जो आपखुशीनें येईल तोच घ्यावा, कोणावर जबरी नाहीं. अठ्ठेचाळीस गोलंदाज आले. मग तिनें गांजाचे दोन भाग केले, एक जैसा होता तैसा ठेविला, आणि दुसरा तुपांत घालून मंद आंचेवर पुन्हां पुन्हां कढविला आणि त्याचा सारा कस तुपांत उतरविला, आणि मग रिठ्याच्या पाण्यानें धुवून सांवलींत वाळविला. रंग तोच, वास बहुतेक तोच, परंतु नशा नाहीं, नुसता फोल. प्रत्येकानें एका दिवशीं खरा ओढावा आणि आठ दिवसांनीं फोल ओढावा, कोणता आधीं तें चिठ्ठी टाकून ठरवावें, आणि कोणास काय मिळालें हें ओढणारास कळूं नये आणि म्हाळाऊसही कळूं नये. आतां चिलमा भरणार कोण? जो भरील त्यास फोडतील, दमदाटी करितील. ही अडचण महाराजांचे कानीं गेली तेव्हां ते हंसले आणि म्हणाले, "आम्हांस कोण फोडील?" आणि पडद्याआड पाटावर बसून स्वहस्तें चिलमा भरूं लागले, आणि टिपण आपल्या पेटींत कुलुपांत ठेवूं लागले. दर्याजीरावांनीं हें ऐकिलें तेव्हां कपाळास हात लाविला कीं, "छत्र ज्याच्या शिरीं तो आमच्या लोकांच्या चिलमा भरतो, काय दिवस आले!" परंतु त्यांचाही संशय तेथेंच अर्धा गेला.

पहिल्याच दिवशीं मौज जाहली. रायाजी म्हणोन एक गोलंदाज, मोठा बढाईखोर, दोन दम मारून डोलूं लागला आणि म्हणाला, "वाहवा! ऐसा माल सात जन्मांत नाहीं! आभाळ पाहा कैसें खालीं आलें!" आणि गाऊं लागला, आणि नाचतां नाचतां पाण्याच्या हौदांत पडला. पुढें पेटी उघडली तेव्हां त्याची ती चिलीम फोल निघाली. तें कळल्यावर तो आठ दिवस कोणास तोंड दाखवीना. परंतु म्हाळाऊ हंसली नाहीं, ती म्हणाली, "यावरूनच कळतें कीं ओढणारा काय सांगतो त्यावर विसंबूं नये. तो काय करितो तें पाहावें." आणि जुन्या ओढणारांपैकीं कित्येकांस आपली चिलीम फोल आहे हें चवीवरून ओळखूं येई, म्हणोन प्रत्येकाचा तर्कही लिहून घेतला, आणि ज्यांचा तर्क चुकला त्यांचा हिशेब निराळा ठेविला, आणि पुढें निकाल दोहींकडे सारखाच उतरला.

मग परीक्षा तीन. पहिली, दहा हुकूम ऐकवावे आणि एक घटका गेल्यावर विचारावे. दुसरी, एका मोडक्या तोफेंत दारूऐवजीं वाळूची थैली भरण्यास सांगावें, आणि भरतां भरतां मध्येंच विचारावें, "तुझें गांव कोणतें? घरीं म्हशी किती?" आणि मग तो भरणें, बत्ती दाखविणें हें पुढलें काम नीट करितो कीं चुकतो तें पाहावें. तिसरी, खाडींत पिंपें तरंगत सोडावीं आणि पांच पांच गोळे टाकवावे. आणि दरबारचा एक कारकून हें सारें लिही. तो कारकून कोण हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. दर्याजीराव रोज बुरुजावर बसून पाहात, आणि गोळा चुकला कीं आपलीच मांडी बडवीत.

याखेरीज म्हाळाऊनें दुसरेंही पाहिलें. तिच्या ओसरीवर अकरा जखमी होते, कोणाचा पाय गेलेला, कोणाची पाठ भाजलेली, त्यांसही तिनें तैसेंच चिठ्ठीनें दिलें. राजगुरूंनीं हें ऐकून निरोप पाठविला कीं, "विषाचा गुण शोधितां काय?" तिनें उलट सांगून पाठविलें, "गुरुमहाराज, गुण नसेल तर नाहीं ऐसेंही मीच सांगेन. न पाहतां कैसें सांगूं?"

ऐसे दोन महिने गेले, आणि पौषांत महाराजांनीं पेटी उघडून टिपण म्हाळाऊचे स्वाधीन केलें, आणि ती आणि कारकून दोघें बसून ताडून पाहूं लागलीं. नेमाचे आंकडे जुळले, हुकुमांचे जुळले. मग वाळूच्या थैलीचा हिशेब आला. बत्ती देण्यांत फारसा फरक नव्हता. परंतु भरण्याचे कामीं, फोल चिलमीचे दिवशीं अठ्ठेचाळिसांत तिघे चुकले होते, आणि खऱ्या चिलमीचे दिवशीं एकोणीस, आणि त्या एकोणिसांत चौदाजण एकच चूक करीत होते. थैली घालीत, मग गांवचें नांव सांगत, म्हशी मोजीत, आणि मग पुन्हां थैली घालीत. पहिली घातली हें त्यांचे ध्यानींच नसे. कारकुनानें हें वाचलें आणि पुढें वाचावें म्हणोन पान उलटिलें, तों म्हाळाऊचा हात त्या पानावर आला. ती म्हणाली, "थांब." मग उठली आणि थेट बुरुजाच्या कोठडीकडे गेली.

सटवोजी उन्हाच्या कवडशांत बसला होता. आऊस पाहून उभा राहिला. तिनें विचारलें, "सटवा, तोफ कोणीं भरली होती?" तो म्हणाला, "आऊ, चूक माझी म्हणोन सांगितलें ना." ती म्हणाली, "मी तें विचारलें नाहीं. दारूची थैली किती वेळां घातली?" सटवोजी खालीं पाहूं लागला. ती म्हणाली, "माझ्या लेकानें दोनदां घातली. होय ना?" तेव्हां तो एवढा धिप्पाड गडी भिंतीस टेकून रडूं लागला आणि म्हणाला, "आम्ही दोघांनीं एकाच चिलमीचे दम मारिले होते, आऊ. त्यानें एक थैली घातली, आणि खालीं लेझीम चालली होती ती पाहून हंसला, मला दाखविली, मीही हंसलों. मग त्यानें दुसरी उचलली. मीं पाहिलें, आऊ. पाहिलें, आणि तें पाहिलेलेंही डोक्यांतून निघून गेलें. बत्ती तोफेच्या कानाच्या छिद्राशीं नेली तेव्हां आठवलें, तों उशीर जाहला. तुम्ही माझा हात बांधीत होतां आणि पलीकडे तो पडला होता. मेलेल्या पोरावर बोट कैसें दाखवूं?" म्हाळाऊनें त्याच्या भाजलेल्या हातावरची पट्टी सोडून पाहिली, नवी बांधिली, आणि परत गेली. तीन दिवस अन्न घेतलें नाहीं. कारकून भीत भीत जाऊन म्हणाला, "आऊ, तेवढें एक पान राहूं द्यावें. परीक्षेस त्याची गरज नाहीं." ती म्हणाली, "तेंच एक पान सटवोजीस सोडवील. आणि तें काढलें तर बाकीच्या पानांवर कोणीं विश्वास कां ठेवावा?"

मग माघ शुद्ध पंचमीस दरबार भरला, पाऊल ठेवण्यास जागा नाहीं ऐसी दाटी जाहली, आणि म्हाळाऊ मध्यें उभी राहिली. तिनें सारें एकेक सांगितलें. म्हणाली, "दारोगासाहेब म्हणत होते नेम बसतो. फोल चिलमीवर दोनशें चाळीस गोळ्यांत एकशें अठरा लागले, खऱ्या चिलमीवर एकसष्ट. आणि विचारलें तर बहुतेकांनीं सांगितलें कीं खऱ्या दिवशींच नेम उत्तम होता. राजगुरू म्हणत होते पिसाट करितें. अठ्ठेचाळिसांत पिसाट एकही जाहला नाहीं. दोघे घाबरून रडले, छाती धडधडते म्हणाले, आणि उतरल्यावर शुद्धीवर आले. परंतु वर्षानुवर्षें ओढणारांस खोकला आहे, आणि मिसरूड फुटण्यापूर्वीं ज्यांनीं चिलीम धरिली ऐसे नऊजण न ओढल्या दिवशींही हुकूम विसरतात. त्यांस चाळीस दिवस चिलीम सोडावयास लाविली, पांच सुधारले, चौघे अद्याप नाहींत. जखमींचें ऐकावें. अकरांत सातजणांस खऱ्या चिलमीनें वेदना उतरली, झोंप लागली, अन्न गेलें. फोल चिलमीनें दोघांसच. म्हणजे गुणही आहे. आणि अंमल किती टिकतो तेंही पाहिलें. दोन प्रहरांत माणूस म्हणतो मी शुद्धींत आहें, परंतु चुका चार प्रहरांपर्यंत चालतात, आणि आठ प्रहरांनीं त्या थांबल्या." मग थांबली. मग म्हणाली, "आणि भरणारास थैली घातल्याची आठवण राहात नाहीं. अठ्ठेचाळिसांत चौदाजणांनीं ती दोनदां घातली. दशमीस तोफ फुटली ती दोन थैल्यांनीं फुटली. भरणारा माझा खंडू होता. सटवोजीनें त्याचें नांव झांकलें. महाराज, माझ्या लेकाच्या हातून चूक जाहली."

तेव्हां दर्याजीराव उठले, कमरेची चिलीम काढून महाराजांचे पायांशीं ठेविली आणि म्हणाले, "भरल्यावर गज घालून खोली पाहणें हें माझें काम. मीं त्या दिवशीं पाहिलें नाहीं. मींही ओढली होती. शिक्षा द्यावयाची तर आधीं मला." आणि खालीं बसले ते गुडघ्यांत मान घालून. महाराज सिंहासनावरून उतरले आणि म्हणाले, "जें कोणास ठाऊक नव्हतें त्याची शिक्षा कोणास देऊं? आतां ठाऊक जाहलें. यापुढें जो करील तो जाणून करील." मग हुकूम जाहला कीं सटवोजीस सोडावें. मेलेले चौघे चाकरींत मेले, त्यांचे घरचा मान तैसाच चालवावा, खंडूचाही. तोफेवर चढण्यापूर्वीं आठ प्रहर कोणीं चिलमीस शिवूं नये. वीस वर्षांच्या आंत कोणास देऊं नये. जखमीस वैद्यानें द्यावी. अंगठा कोणाचाही तोडूं नये. आणि भरणारानें थैली घालितांच मोठ्यानें ओरडावें, आणि बत्तीवाल्यानें तेंच परत ओरडावें, आणि मगच गज फिरवावा.

ही व्यवस्था लागून दीड महिना जाहला नाहीं तों फाल्गुन वद्य तृतीयेस सूर्योदयीं गनिमाचें आरमार खाडीचे मुखाशीं उभें राहिलें. सलामीची तोफ फुटली, गोलंदाज मेले, दुर्ग दुबळा जाहला, ऐसी खबर त्यास पोंचली होती. एकवीस गलबतें, आणि मध्यें तीन डोलकाठ्यांचें मोठें जहाज, आणि शिडें ऐसीं पसरलीं कीं समुद्र दिसेना. दुर्गावर नगारा जाहला. दर्याजीराव बुरुजावर चढले, आणि सारे गोलंदाज स्वच्छ डोळ्यांनीं आपआपल्या तोफेशीं उभे राहिले. गनीम माऱ्यांत येऊं दिला, आणखी येऊं दिला, आणि मग दारोग्यांनीं हात खालीं आणिला. मग जी आरोळी उठली ती काय सांगावी! "थैली एक!" म्हणोन भरणारा गरजे, "थैली एक!" म्हणोन बत्तीवाला गरजे, आणि गज फिरे, आणि तोफ गरजे, आणि चाळीस तोफांवर हाच गजर चालला, आणि एकही थैली चुकली नाहीं आणि एकही तोफ फुटली नाहीं. रायाजीनें तीन गोळ्यांत दोन गलबतें फोडिलीं आणि यावेळीं बढाई मारण्यास त्यास वेळही जाहला नाहीं. आणि सटवोजीचा उजवा हात निकामी, म्हणोन त्यानें डाव्या हातानें बत्ती धरिली, आणि त्याचा गोळा मोठ्या जहाजाचे मधले डोलकाठीस लागला, आणि ती शिडांसकट पाण्यांत गेली. दर्याजीराव लहान पोरासारखे नाचूं लागले, "बसला! बसला! अरे, चाळीस वर्षें आम्ही काय धुरांत गोळे टाकीत होतों!" तिसऱ्या प्रहरापर्यंत आठ गलबतें बुडालीं, चार हातीं लागलीं, आणि बाकीचीं जिकडे वारा नेईल तिकडे पळालीं. आपले लोकांत जखमी सहा, मेला एकही नाहीं. ऐसी फत्ते त्या दुर्गानें पूर्वीं पाहिली नव्हती. मग काम आटोपल्यावर ज्यास ओढावयाची त्यानें खुशाल ओढली, त्यास कोणीं हटकलें नाहीं.

मग विजयाचा दरबार जाहला, आणि महाराजांनीं गोलंदाजांस कडीं आणि शेले दिले, आणि म्हाळाऊस पालखीचा मान दिला, आणि म्हणाले, "आऊ, आणखी जें मनांत असेल तें मागा." म्हाळाऊ म्हणाली, "महाराज, पालखीचें मज काय? मज वर्षभराची मुदत आणि माणसें द्यावीं. गांजाचें कळलें, अफूचें कळलें नाहीं. घरोघर तान्ह्या मुलांस गुटींत देतात, म्हातारे दुखण्यास घेतात. कोणी तिला अमृत म्हणतो, कोणी विष. मोजून कोणीं पाहिलें नाहीं. परंतु जे नित्य घेतात त्यांनीं आपण होऊन नांव द्यावें लागेल." मोठमोठे मानकरी एकमेकांकडे पाहूं लागले, कोणी पागोटें सारखें करूं लागले, कोणी छताकडे पाहूं लागले, नांव देण्यास कोणी पुढें येईना. तेव्हां राजगुरू धोंडभट आपल्या आसनावरून सावकाश उठले, एक हात खांबास लावून उभे राहिले, आणि स्पष्ट आवाजांत म्हणाले, "आऊ, पहिलें नांव माझें लिहा. गुडघ्यांसाठीं म्हणोन बारा वर्षें घेतों आहें." दरबारांत कोणी हंसलें नाहीं. म्हाळाऊ पुढें गेली, पदर सांवरून त्यांस नमस्कार केला, आणि कारकुनास म्हणाली, "लिही." कारकुनानें लिहिलें. मग दर्याजीराव म्हणाले, "दुसरें माझें," आणि मग नांवें ऐसीं येऊं लागलीं कीं कागद पुरेना.

एवंच, त्या राज्यीं त्या वर्षीं तोफ फुटली, चार जीव गेले, एका बाईनें खरें काय तें मोजून काढिलें आणि आपल्या पोटच्याविषयींही तें बोलून दाखविलें, आणि त्या बळावर दुर्ग राहिला, गनीम मोडला आणि लोक शहाणे जाहले. जैसें घडलें तैसें लिहिलें. उणें अधिक असेल तें जाणत्यांनीं तपासून घ्यावें, आणि सेवकावर लोभ असों द्यावा.